पिंपातले जीव

जिनदत्त मगदूमनं आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. त्याच्या गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. वाळवे तालुक्यातल्या त्या गावात तो पावसाळ्यात सायकल चालवत नसे, हातात धरून चालत जाई, कारण चाकाखाली गांडुळं येतात. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन परसात सोडी आणि वर त्याला ‘जा बाबा, सुखी राहा’ म्हणे. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळी, आणि कापडावर राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायला स्वतः जाई. अशा माणसाची लोक चेष्टाही करतात आणि पायाही पडतात. जिनदत्तला दोन्ही चालायचं. पाया पडलेलं जरा जास्त चालायचं.

एवढ्या हळव्या माणसाला नोकरी मिळाली ती कराडजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात. केमिकल विभागाच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. काचेची भांडी धुवायची, यंत्रं पुसायची, मुलं पांगली की पंखे बंद करायचे. विषारी रसायनांच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला असे, आणि ती तिथं असल्याचा त्याला अभिमान होता. ज्याच्या हातून मुंगी मरत नाही त्याच्याच हाती विष सुरक्षित, असं प्राचार्य एकदा भाषणात म्हणाले होते. ते वाक्य जिनदत्तनं गावात इतक्यांदा सांगितलं की पोरंसोरं त्याची नक्कल करत. आता निवृत्ती जवळ आली होती. विभागात निरोपाच्या कार्यक्रमाची कुजबुज सुरू झाली होती, आणि त्या कार्यक्रमात आपल्याविषयी काय काय बोललं जाईल याचा विचार करत तो बसमध्ये खिडकीशी बसे.

याच प्रयोगशाळेत फिरदोस मणेर पीएच.डी. करत होती. म्हसवडची पोरगी. बाप जैनुद्दीन, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. सिद्धनाथाच्या यात्रेत बायकांची रांग लागे तेवढीच काय ती चैन, एरवी साधा संसार. त्या घरातून इथवर यायला पोरीनं घरच्यांच्या किती विनवण्या केल्या आणि किती स्थळं परतवली, ते तिचं तिला ठाऊक. बापानं शेवटी बिरादरीला सांगितलं होतं, ‘डॉक्टर झाली की लगीन, त्याआधी विषय काढू नका.’

तिचा अभ्यास सांगायला सोपा आणि करायला जिवावरचा होता. साध्या पाण्यात खडीसाखरेचा खडा टाका आणि ढवळा. तो किती वेगानं विरघळेल याचं गणित माणसानं कधीच मांडून ठेवलंय. पण दाट द्रवात? साखर कारखान्यातल्या आटवलेल्या राबात, खोकल्याच्या औषधात, रंगाच्या डब्यात? हे द्रव भारी तऱ्हेवाईक. जिथं ढवळणारा पंखा फिरतो तिथं ते पातळ होऊन वाहतात आणि भांड्याच्या कडेला मख्खासारखे घट्ट बसून राहतात. अशा द्रवात घन पदार्थ किती वेगानं विरघळतो, पंख्याचा वेग वाढवला की त्यात काय फरक पडतो, हे फिरदोसला मोजायचं होतं. त्यासाठी ती सेल्युलोजपासून केलेली एक पूड पाण्यात भिजवून डिंकासारखा दाट द्रव करी, पिंप भरून. रोज त्यातला थोडा टाकीत घेऊन पंखा चालवायचा, बेन्झॉइक आम्लाच्या पांढऱ्या गोळ्या त्यात सोडायच्या, ठरल्या वेळानं काढून वाळवायच्या आणि किती झिजल्या ते वजन करून पाहायचं. हे पुन्हा, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

गोळ्या साच्यात ओतायला जिनदत्त मदत करी. ‘काका, तुमच्या हातची गोळी कशी गुळगुळीत येती बघा,’ ती म्हणे. एकदा पिंपात पडून मेलेलं चिलट पाहून त्याचा चेहरा पडला, तर दुसऱ्या दिवशी तिनं आपली जुनी ओढणी फाडून पिंपाच्या तोंडावर बांधली. ‘आता एकबी पडायचं न्हाई, काका.’ जिनदत्तला भरून आलं होतं. ही पोर आपल्या धर्माची नाही, पण मनानं आपली आहे, असं तो घरी चंदनबालेला सांगत होता. मनानं आपली! ऐकून ठेवा.

आता या दाट द्रवाची एक खोड होती. जंतूंना तो मेजवानीसारखा. चार दिवस नुसता ठेवला की ते त्याचे लांबलचक धागे कुरतडून टाकतात आणि डिंकाचं पाणी होऊन बसतं. हे थोडंथोडं होत जातं, म्हणून रोज हाताळणाऱ्यालाही पटकन कळत नाही. म्हणून द्रव रात्रभर भिजून तयार झाला की सकाळी त्यात चिमूटभर जंतुनाशक पूड मिसळावी लागे. ती पडली की द्रवाचा दाटपणा महिनाभर हलत नसे. फिरदोसनं सुरुवातीच्या पिंपांवर हे तपासून पाहिलं होतं. पूड विषारी, म्हणून ती जिनदत्तच्या कपाटात. ती टाकायचं कामही त्याचंच. दाटपणा मोजायचं यंत्र विभागात नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला फार्मसी कॉलेजात जाऊन, तिथल्या लोकांच्या हातापाया पडून, कुठं नोंद न होता, पाळी मिळे. म्हणून फिरदोस प्रत्येक नव्या पिंपाचा दाटपणा सुरुवातीला एकदाच मोजून आणी आणि त्या आकड्यावर पुढचं काम चालवी. चुकलं का तिचं? चुकलं. रोज मोजायला हवा होता. पण तिनं यंत्रापेक्षा माणसावर भरवसा ठेवला, आणि माणूस तर कसा, मुंगी न मारणारा.

त्या चातुर्मासात गावात एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. जिनदत्तनं सगळ्या पंचांसमोर उभं राहून व्रत मागितलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही यापुढं मी जाणूनबुजून मारणार नाही, म्हणाला. महाराज म्हातारे आणि शहाणे होते. ‘संसारी माणसानं झेपेल तेवढंच घ्यावं,’ ते म्हणाले. ‘आधी माणसांशी नीट वाग, मग जंतूंकडे वळ.’ जिनदत्तनं हात जोडले, मान हलवली आणि हट्टानं व्रत घेतलंच. लोकांनी जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर पुडीच्या बाटलीवर लिहिलेलं त्याला पहिल्यांदा नीट दिसलं: सूक्ष्मजीवांचा समूळ नाश.

मग त्यानं काय करावं? फिरदोसला सांगावं, ‘बाळा, माझं व्रत हाय, तेवढी पूड तू टाक.’ एवढं बोलायला काय सोन्याची जीभ लागत होती? पोरीनं हसून हो म्हटलं असतं. पण सांगितलं तर ती टाकणार, आणि ती टाकली तर जीव मरणारच. मग व्रताचा उपयोग काय, असा त्यानं विचार केला. तेव्हापासून तो पूड मोजून घ्यायचा, बेसिनमध्ये ओतायचा, वर पाणी सोडायचा. नळीतून ते विष कॉलेजच्या सेप्टिक टँकमध्ये जाई. तिथल्या जिवांचा हिशेब त्यानं केला नाही. पिंपाकडं पाहून मात्र त्याला उमाळा येई. आत कोट्यवधी जीव सुखानं नांदताहेत आणि त्यांचा वाली आपण!

घरी त्यानं हे चंदनबालेला कौतुकानं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

‘पोरीला सांगितलं न्हवं?’

‘तिला कशाला? ती ऐकायची न्हाई.’

‘मग ही चोरीच झाली की, आवं.’

‘तुला धर्मातलं काय कळतंय!’ जिनदत्त म्हणाला आणि ताट पुढं ओढलं.

इकडं फिरदोसचे आकडे वेड्यासारखे वागायला लागले. एकाच पिंपातल्या द्रवात आज गोळी जेवढी झिजे त्याच्या दुप्पट चार दिवसांनी झिजे. पंखा तोच, वेग तोच, गोळी तीच. तिनं तराजू बदलला, साचा बदलला, पंख्याचं बेअरिंग बदललं. जेवणं टाकली. एका दुपारी ती टाकीसमोर स्टुलावर बसून रडताना जिनदत्तला दिसली. त्यानं तिला गाळलेलं पाणी दिलं. ‘होईल सगळं नीट, बाळा,’ असंही म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, हीच तर त्यातली भयंकर गोष्ट.

तिचे मार्गदर्शक डॉ. वीरधवल यांना मात्र त्या आकड्यांत शोध दिसला. दाट द्रवात घन पदार्थ अपेक्षेपेक्षा झपाट्यानं विरघळतो, असं काहीतरी नवंच निघतंय म्हणून ते खूश. फिरदोस म्हणत होती, ‘सर, पुन्हा करून बघू, मला पटत नाहीये.’ सरांना घाई होती. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी परिषदेत भाषण ठोकलं, तिच्या नावाआधी आपलं नाव घातलं, आणि प्रबंधाच्या आधीच्या सादरीकरणाची तारीख ठरवून टाकली. बाहेरून एक वयस्कर तज्ज्ञ बोलावले.

सादरीकरणाला जैनुद्दीन म्हसवडहून आला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर स्वच्छ टोपी, आणि हातात बांगड्यांची पेटी. विभागातल्या बाईलोकांना आपल्या हातानं बांगड्या भरायच्या, पोरगी डॉक्टर होणार म्हणून, असं त्याच्या मनात होतं. जिनदत्तनं त्याला दाराशी खुर्ची दिली.

बाहेरच्या तज्ज्ञांनी आलेख पाहिले. उठले, सादरीकरणाच्या तयारीत आठवडाभर तसंच राहिलेल्या पिंपावरची ओढणी सोडली, काचेची कांडी बुडवून वर काढली. टिपटिप, टिपटिप. पाणी. ‘हा द्रव दाट आहे?’ त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं.

वीरधवल सरांचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच लाल झाला. परिषदेतल्या भाषणाचं काय होणार हे त्यांना एका क्षणात कळलं असावं. त्यांनी पेला भरून फिरदोसच्या हातात दिला. ‘ओता. सगळ्यांना दिसू दे.’ तिनं ओतलं. ‘पुन्हा ओता. हे दाट आहे? तुम्ही दाटपणाचे आकडे घरी बसून लिहिलेत ना? पुन्हा ओता.’ मुलं-मुली, शिक्षक, सगळे पाहत होते. पोरगी पुन्हा पेला भरत होती आणि ओतत होती. चौथ्या-पाचव्या खेपेला पेला हातातून सुटला, फुटला, पाणी जैनुद्दीनच्या चपलांपर्यंत आलं. तो उठून उभा राहिला. काय झालं ते त्याला कळत नव्हतं, पण लेकीला चारचौघांत काय केलं जातंय ते बापाला कळायला इंग्रजी लागत नाही. त्याच्या पेटीकडं कुणी पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर वीरधवल सरांनी पिंप रिकामं करायला सांगितलं. ते जिनदत्तनंच केलं. मोरीत ओतताना तो पुटपुटत होता. तोंडानं णमोकार मंत्र चालला होता. त्या जिवांसाठी.

‘आता तरी सांगा,’ चंदनबाला म्हणाली. ‘पोरीचा जीव जीव न्हाई व्हय? तुमच्या त्या किड्यांचा तेवढा जीव?’

‘चौकशी हाय पुढच्या आठवड्यात. बघू.’

‘बघू काय? तोंड हाय की तुमाला!’

तोंड होतं, पण त्या आठवड्यात दशलक्षण पर्व सुरू झालं आणि जिनदत्तनं मौन धरलं. दहाही दिवस. आजवर त्यानं उपवास केले होते, मौन कधी केलं नव्हतं. गावात त्याचंही कौतुक झालं. चंदनबालेनं मात्र कपाळाला हात लावला. मूग गिळून बसायचं होतं, तर त्याला पर्वाचं नाव तेवढं द्यायचं नव्हतं, असं ती शेजारणीला म्हणाली. तो ऐकत होता. त्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं हे किती सोयीचं!

चौकशीच्या खोलीत तो पांढरं धोतर-सदरा घालून गेला, उपवासानं चेहरा उतरलेला. प्राचार्य स्वतः उठले आणि त्यांनी त्याला खुर्ची दिली. समोर फिरदोस बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला.

‘सर, मी एकही आकडा घरी लिहिलेला नाही,’ ती म्हणाली. ‘द्रव मागाहून पातळ झाला असणार. पूड खराब निघाली असेल, किंवा कधी राहिली असेल. काकांना विचारा. काका सांगतील ते मला मान्य आहे.’

जिनदत्तनं ओठांवर बोट ठेवून आपलं मौन दाखवलं. प्राचार्यांनी आदरानं मान झुकवली. ‘बोलू नका, अण्णा. फक्त मान हलवा. प्रत्येक पिंपात पूड टाकली होती?’

खोलीत पंखा फिरत होता. हो म्हटलं तर पोरगी मेली. नाही म्हटलं तर आपण. गावात काय सांगायचं, पंचांना काय, आणि निरोपाच्या कार्यक्रमात काय बोलतील? पोरगी तरुण आहे, असं त्याच्या मनात आलं, तिचं दुसरं काहीतरी होईल. लग्न होईल. आणि मी शब्द तर उच्चारत नाहीये. खोटं बोलणं म्हणजे बोलणं. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

त्यानं मान हलवली. वर-खाली, सावकाश, दोनदा.

फिरदोस त्याच्याकडं पाहतच राहिली. तिची नोंदणी रद्द करावी अशी शिफारस त्याच संध्याकाळी झाली. वीरधवल सरांनी आपण फसवले गेल्याचं पत्र परिषदेला लिहिलं आणि ते सुटले. पोरीनं वसतिगृहातलं सामान दोन पिशव्यांत भरलं आणि म्हसवडची गाडी धरली. विद्यापीठाकडं दाद मागायला थोडी मुदत होती, तेवढाच काय तो धागा.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी लहान-मोठे सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागतात. जिनदत्त घराघरांतून फिरला, सगळ्यांची क्षमा मागितली, सगळ्यांनी दिली. घरी येऊन चंदनबालेपुढं हात जोडले.

तिनं पाठ फिरवली. ‘माझ्याकडं मागू नगा. म्हसवडला जावा. तिला खरं सांगा, मग क्षमा मागा. नुसती क्षमा मागून आलासा तर ह्या घरात मी तुमच्याशी बोलायची न्हाई.’

तो गेला. जाताना बसमध्ये त्यानं ठरवलं होतं, सांगायचं. खरंच ठरवलं होतं. त्याच्यावर उगाच आळ नको. म्हसवडच्या पेठेत दुकान शोधायला वेळ लागला नाही. जैनुद्दीन कट्ट्यावर बसला होता, आणि आत, बांगड्यांच्या फळीखाली, फिरदोस एका नवरीच्या हातात चुडा भरत होती. पेठेत तिला आता ‘डॉक्टरीन’ म्हणून हाका मारून पोरं पळत होती. एक तर जिनदत्तसमोरच ओरडून गेलं. तिनं वर पाहिलं नाही.

जिनदत्तला पाहून मात्र ती धडपडत उठली. गिऱ्हाईक बाहेर कट्ट्यावर बापाकडं दिलं, स्टूल पुसून त्याला बसवलं. ‘काका, एवढ्या लांब? उन्हाचं?’

त्यानं हात जोडले. ‘आज आमचा क्षमेचा दिवस असतोय, बाळा. जाणता-अजाणता माझ्याकडनं तुझं मन दुखलं असंल तर क्षमा कर.’

फिरदोसचे डोळे भरले. या वर्षात तिची कुणी माफी मागितली नव्हती. तिनं फळीवरून एक कागद काढला. ‘काका, मी विद्यापीठाला अर्ज लिहिलाय. उद्या शेवटचा दिस हाय. एकच गोष्ट विचारती. त्या दिवशी तुमचं मौन होतं, तुमाला नीट बोलता आलं न्हाई. कधी एखांद्या पिंपात पूड टाकायची राहिली का? माणूस हाय, इसरतंच. तसं असंल तर मी लिहिती की माझ्याकडनंच तुमाला सांगायचं राहिलं. तुमचं नाव येऊ देत न्हाई. फक्त मला खरं काय ते सांगा. माझा माझ्या हातांवरचा इस्वास उडालाय, काका. रात-दिस वाटतंय, मीच कायतरी चुकले.’

बघा, पोरीनं दार उघडून धरलं होतं. उंबरा ओलांडायचा तेवढा बाकी होता. जिनदत्तनं ओठ उघडले. एवढ्यात जैनुद्दीन बाहेरून म्हणाला, ‘मी हिला कवाधरनं सांगतोय, अण्णांवर शंका घेऊ नगंस. त्यो देवमाणूस हाय.’ नवरीसोबत आलेल्या तिच्या आईनंही वळून, हा देवमाणूस कोण, म्हणून आदरानं पाहिलं.

‘न्हाई, बाळा,’ जिनदत्त म्हणाला. आता मौन नव्हतं, शब्द स्पष्ट आले. ‘दरवेळी टाकली. माझ्या हातानं टाकली.’

फिरदोसनं कागदाच्या दोन घड्या घातल्या आणि तो बांगड्या बांधायच्या रद्दीत ठेवून दिला. ‘म्हंजे चूक माझीच,’ ती म्हणाली. ‘बरं झालं आलासा. आता तरी डोकं शांत हुईल.’

आणि मग ती खाली वाकली, त्याच्या पायांना हात लावला. ‘तुमी कसली माफी मागता, काका? मीच मागती. माझ्या मनात तुमच्याबद्दल पाप आलं होतं. मला वाटलं होतं, तुमी पूड टाकलीच न्हाई आणि खोटी मान हलवली. मला माफ करा.’

जिनदत्तनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं तिला क्षमा केली.